पीएस२ वर ओपीएल उघडतं, पण गेम सुरू होत नाही

प्लेस्टेशन २ जपानमध्ये ४ मार्च २००० ला बाजारात आला आणि उत्पादन थांबेपर्यंत त्याचे १५ कोटींहून जास्त नग विकले गेले. आपल्याकडे तो बराच उशिरापर्यंत नवा मिळत होता, त्यामुळे चालू स्थितीतले कन्सोल आजही घराघरांत आहेत. डिस्क वाचणारी लेझर थकली की बहुतेक जण मेमरी कार्डावर फ्री मॅकबूट (कार्डावरून बाहेरचे प्रोग्रॅम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) घालतात, त्यावरून ओपन पीएस२ लोडर, म्हणजे ओपीएल, चालवतात आणि आपल्या डिस्कच्या प्रती पेन ड्राइव्हवरून खेळतात. सोय फार छान आहे, पण तिच्यात एक बिघाड पुन्हा पुन्हा येतो. मित्रांचे, शेजाऱ्यांचे, नातेवाइकांच्या मुलांचे कन्सोल दुरुस्त करताना जे हाताला लागलं ते सोप्याकडून अवघडाकडे या क्रमाने लिहितो आहे.

लक्षणं

लोक येतात ते "गेम चालत नाही" एवढंच सांगत. त्या एका वाक्यात पाच-सहा वेगवेगळ्या तक्रारी असतात:

- मेमरी कार्ड लावलंय, पण फ्री मॅकबूटचा मेन्यू येत नाही, कन्सोलचा नेहमीचाच पडदा येतो.
- ओपीएल उघडतं, पण गेमची यादी रिकामी असते.
- यादी दिसते, पण गेम निवडला की काळा किंवा पांढरा पडदा येऊन सगळं गोठतं.
- काल चालत असलेला गेम, नवा गेम टाकल्यापासून बंद पडला.
- गेम चालतो, पण मधले व्हिडिओ अडखळतात, आवाज तुटतो.
- गेम खेळता येतो, पण सेव्ह करताना अडकतो.

काहीही बदलण्याआधी आपली तक्रार यांतली कोणती ते ठरवा. कन्सोल, कार्ड, ओपीएल, यादी, गेम अशी ही साखळी आहे. ज्या कडीपर्यंत सगळं नीट चालतं तिच्या मागचं काही तपासायची गरज नसते. यादी दिसते आहे याचा अर्थ कार्ड आणि फ्री मॅकबूट व्यवस्थित आहेत. तरीही लोक पहिल्यांदा नवं मेमरी कार्ड विकत आणतात. पाचवी तक्रार तर बिघाडच नाही, तिच्याबद्दल पुढे सांगतो.

फुकटातले उपाय

कन्सोल बंद करा. दुसरं मेमरी कार्ड, दुसरा कंट्रोलर, यूएसबीला लावलेलं इतर काहीही काढा. ट्रेमधली डिस्क काढा. फ्री मॅकबूटचं कार्ड पहिल्या स्लॉटमध्ये, पेन ड्राइव्ह एका पोर्टमध्ये, बस्स. आता चालू करा. दुसरं एखादं खराब कार्ड सुरुवातीलाच अडथळा आणू शकतं आणि सगळं लावलेलं असताना दोष कुणाचा ते कळत नाही.

पेन ड्राइव्हला दिवा असेल तर तो बघत राहा. ओपीएल यादी वाचताना दिवा लुकलुकला पाहिजे. अजिबात पेटत नसेल तर पोर्ट बदला. तरीही नाही पेटला तर दुसरा, शक्यतो जुना यूएसबी २.० चा ड्राइव्ह लावून बघा. काही ड्राइव्ह या कन्सोलशी मुळातच जुळत नाहीत, मग ते कितीही महाग असोत. पोर्टेबल हार्ड डिस्क लावली असेल तर अजून एक गोष्ट लक्षात घ्या: या पोर्टमधून मिळणारी वीज साधारण ५०० मिलीअँपिअरची आहे. फिरत्या डिस्कला सुरुवातीलाच त्याहून जास्त लागू शकते, त्यामुळे ती एकदा दिसते, एकदा दिसत नाही. अशा डिस्कला स्वतःचा अडॅप्टर असलेला हब हवा.

मेमरी कार्डाचे आणि यूएसबीचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. कापसाची काडी किंचित ओली करायची, थेंब टाकायचे नाहीत, आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर एवढ्याने बरे झालेले कन्सोल मी पाहिले आहेत.

ओपीएलची सेटिंग आणि फोल्डर

यादी रिकामी असेल तर सेटिंगमध्ये जाऊन यूएसबी सुरू होण्याची पद्धत 'ऑटो' आहे का ते बघा. ती 'ऑफ' किंवा 'मॅन्युअल' असेल तर ड्राइव्ह ठीक असूनही यादी येत नाही. 'ऑटो' केल्यावर सेव्ह करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा तेच.

यानंतर ड्राइव्ह संगणकाला लावा. गेमच्या आयएसओ फाइली, म्हणजे सबंध डिस्कची एका फाइलीतली प्रत, 'डीव्हीडी' या फोल्डरमध्ये हव्यात. ७०० एमबीच्या आतले, म्हणजे निळसर तळाच्या सीडीवर आलेले गेम, 'सीडी' फोल्डरमध्ये. ही नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत आणि ड्राइव्हच्या सर्वांत वरच्या पातळीवर असावीत, कुठल्याही दुसऱ्या फोल्डरच्या पोटात नाहीत. सीडीची प्रत पुष्कळदा बिन आणि क्यू अशा दोन फाइलींत निघते. ओपीएल ती जोडी वाचत नाही, आधी तिचा आयएसओ करून घ्यावा लागतो.

ओपीएल उघडताच पडदा काळा होत असेल आणि तुम्ही नुकताच व्हिडिओ मोड बदलला असेल, तर ओपीएल सुरू होताना त्रिकोण आणि फुली ही दोन्ही बटणं दाबून धरा. मोड ऑटोवर येतो. नवे एलईडी टीव्ही जुन्या पिवळ्या तारेवर काही मोड दाखवतच नाहीत, आणि माणसाला वाटतं कन्सोल गेला.

ड्राइव्हचं फॉरमॅट

ओपीएलच्या सगळ्या आवृत्त्यांना चालणारा सुरक्षित मार्ग म्हणजे फॅट३२ फॉरमॅट आणि एमबीआर, म्हणजे ड्राइव्हचे भाग मांडण्याच्या जुन्या पद्धतीचं पार्टिशन. नव्या बीटा आवृत्त्या एक्सफॅटही वाचतात. जुनी आवृत्ती असेल तर एक्सफॅट, एनटीएफएस किंवा जीपीटी या नव्या पद्धतीच्या पार्टिशनचा ड्राइव्ह तिला दिसतच नाही. विंडोजचा नेहमीचा फॉरमॅटचा डबा ३२ जीबीहून मोठ्या ड्राइव्हला फॅट३२ चा पर्याय देत नाही. म्हणून लोक समोर दिसतो तो एक्सफॅट निवडतात आणि तिथेच गोची होते. रूफससारख्या छोट्या फुकट प्रोग्रॅमने मोठा ड्राइव्हही फॅट३२ करता येतो.

फॅट३२ मध्ये एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे. 'गॉड ऑफ वॉर २' सारखा दुहेरी थराच्या डिस्कवर आलेला गेम त्यात सबंध मावत नाही. त्यासाठी ओपीएल मॅनेजर किंवा यूएसबीयुटिल वापरून गेमचे १ जीबीचे तुकडे करायचे. तुकड्यांसोबत 'यूएल' नावाची एक छोटी सीएफजी फाइल तयार होते, त्यात यादी असते. ती पुसली तर तुकडे ड्राइव्हवर असूनही गेम यादीतून गायब होतो. अनोळखी फाइल म्हणून घरातलं कुणीतरी ती साफ करून टाकतं, हा प्रकार मी अनेकदा निस्तरला आहे.

खरा गुन्हेगार: विखुरलेली फाइल

आता मुख्य मुद्दा. "काल चालत होतं, नवा गेम टाकला आणि बंद पडलं" किंवा "यादी येते पण काळा पडदा" या तक्रारींत माझा पहिला संशय इथेच जातो, आणि बहुतेक वेळा तो खरा ठरतो.

संगणक फाइल लिहिताना तिला सलग जागा मिळाली नाही तर तिचे भाग करून मिळेल त्या रिकाम्या जागेत ठेवतो. वाचताना तो ते भाग शोधून जोडतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. पीएस२ कडे यासाठी जागा नाही. त्याची मुख्य मेमरी ३२ एमबी, आणि यूएसबी सांभाळणाऱ्या प्रोसेसरकडे फक्त २ एमबी. गेम चालू असताना ओपीएलला त्या प्रोसेसरच्या एका कोपऱ्यात राहून डिस्क ड्राइव्ह असल्याची बतावणी करायची असते. ड्राइव्हवर कुठला भाग कुठे पडला आहे याचा लांबलचक नकाशा तिथे बाळगणं परवडत नाही. म्हणून जुन्या आवृत्त्यांची अटच आहे की फाइल अखंड, सलग हवी. नव्या आवृत्त्या थोडे तुकडे खपवून घेतात, पण त्यालाही मर्यादा आहे. काही वेळा ओपीएल तसा स्पष्ट संदेश देतं, काही वेळा नुसताच गोठलेला पडदा मिळतो.

फाइल विखुरते कशी? एक गेम पुसून त्या जागी मोठा गेम टाकला की रिकामा खड्डा अपुरा पडतो आणि उरलेला भाग दुसरीकडे जातो. चार गेम एकाच वेळी कॉपीला लावले की संगणक चारी फाइली आळीपाळीने लिहितो आणि सगळ्या एकमेकींत गुंततात. त्याच ड्राइव्हवर फोटो, सिनेमे, लग्नाचे व्हिडिओ येत-जात असतील तर विचारायलाच नको.

उपाय साधा आहे. ड्राइव्हवरचं सगळं संगणकावर उतरवून घ्या. ड्राइव्ह फॉरमॅट करा. मग गेम एकेक करून परत टाका: एक पूर्ण झाला की दुसरा. शेवटी 'सेफली रिमूव्ह' करूनच काढा. ड्राइव्ह मोठा असेल आणि सगळं उतरवणं शक्य नसेल तर डीफ्रॅगलरसारखा प्रोग्रॅम एकट्या आयएसओ फाइलचे तुकडे जोडून देतो. पेन ड्राइव्हवर हे वारंवार करू नका, त्याचं आयुष्य कमी होतं. रिकामा करून पुन्हा भरणं हेच उत्तम. आणि हा ड्राइव्ह फक्त पीएस२ साठी राखून ठेवा, हे मी आग्रहाने सांगतो. तो एकदा इतर कामाला गेला की महिन्याभरात हीच तक्रार परत दारात उभी राहते.

सेव्ह करताना अडकण्याचं मूळही पुष्कळदा हेच असतं. ओपीएलमध्ये आभासी मेमरी कार्ड बनवता येतं, त्याची फाइल ड्राइव्हवर 'व्हीएमसी' फोल्डरमध्ये राहते, आणि तीही सलग लागते. ती बंद करून खऱ्या कार्डावर सेव्ह करून बघा. सेव्ह झालं तर दोष सापडला.

स्वस्त ड्राइव्ह आणि खराब प्रत

सलग कॉपी करूनही काही गेम चालतात, काही नाही, आणि न चालणारे नेहमी शेवटी टाकलेले असतात, असं दिसलं तर ड्राइव्ह नकली असण्याची शक्यता आहे. रस्त्यावर किंवा अतिस्वस्त मिळणाऱ्या ड्राइव्हमध्ये आत खरी जागा थोडी असते आणि तो संगणकाला ६४ किंवा १२८ जीबी सांगतो. पुढचा डेटा लिहिल्यासारखा वाटतो, पण जागेवर नसतो. एचटूटेस्टडब्ल्यू हा फुकट प्रोग्रॅम पूर्ण ड्राइव्ह भरून आणि परत वाचून सत्य सांगतो. वेळ लागतो, रात्रभर चालू ठेवा.

एकच ठरावीक गेम बंद पडत असेल आणि बाकी सगळे चालत असतील तर त्या गेमची प्रत तपासा. ओरखडे पडलेल्या डिस्कवरून काढलेला आयएसओ आकाराने बरोबर असतो, पण आत एखादा भाग चुकीचा वाचलेला असतो. रीडम्प या प्रकल्पात शाबूत डिस्कच्या एमडी५ आणि एसएचए१ बेरजा, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणाऱ्या ओळखसंख्या, नोंदवलेल्या आहेत. आपल्या फाइलची बेरीज त्याच प्रदेशाच्या, त्याच आवृत्तीच्या नोंदीशी जुळली तर प्रत निर्दोष. नाही जुळली तर डिस्क धुऊन, मधून बाहेर सरळ रेषेत पुसून, दुसऱ्या डीव्हीडी ड्राइव्हवर पुन्हा काढा.

प्रती आपल्याजवळच्या डिस्कवरूनच काढा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ प्रोग्रॅमची वैध प्रत बाळगणाऱ्याला ती हरवू, खराब होऊ नये म्हणून राखीव प्रत करू देतं. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ मात्र संरक्षणाचं कुलूप तोडण्याबद्दल आहे, तेही वाचून ठेवावं. राखीव प्रतीचं महत्त्व मला आपल्याकडच्या गेमसाठी फार वाटतं. 'हनुमान: बॉय वॉरियर' आणि विटीदांडू-कबड्डीचा 'देसी अड्डा' हे दोन्ही २००९ साली या कन्सोलवर आले. त्यांच्या डिस्क घरात असतील तर ओरखडे वाढायच्या आत प्रत काढून ठेवा.

गेमनिहाय मोड

प्रत चांगली, फाइल सलग, तरीही तो एकच गेम अडतो? मग ओपीएलमध्ये त्या गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन कम्पॅटिबिलिटी मोड बघा. मोड १ वाचनाचा वेग खऱ्या ड्राइव्हसारखा ठेवतो, मोड २ वाचनाची पद्धत बदलतो, मोड ३ गेम सुरू झाल्यावर ओपीएलने कन्सोलच्या आज्ञांमध्ये अडकवलेले काही हुक काढून घेतो, मोड ४ व्हिडिओ गाळतो, मोड ५ दुहेरी थराच्या डिस्कची नक्कल करतो. एका वेळी एकच मोड लावून बघा. सगळे एकदम लावले आणि गेम चालला तर कशाने चालला ते कळत नाही, आणि नको असलेला मोड पुढे दुसरीच अडचण काढतो.

व्हिडिओ अडखळतात

इथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. पीएस२ चे पोर्ट यूएसबी १.१ आहेत. कागदावर सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे १.५ एमबी. प्रत्यक्षात १ एमबीच्या आसपास. कन्सोलचा स्वतःचा डीव्हीडी ड्राइव्ह सेकंदाला ५ एमबीच्या वर वाचतो. मोठे व्हिडिओ त्या वेगाच्या हिशेबाने बनवलेले असतात. महागडा यूएसबी ३ चा ड्राइव्ह घेऊन यात काडीचाही फरक पडत नाही. पैसे वाया घालवू नका.

वेग हवाच असेल तर दोन वाटा. दुसऱ्या मेमरी कार्डाच्या स्लॉटमध्ये बसणारा एसडी कार्डाचा अडॅप्टर, ज्याला एमएक्स४एसआयओ म्हणतात, तो यूएसबीपेक्षा थोडा बरा आहे, पण त्यासाठी ओपीएल नवं लागतं. दुसरी वाट नेटवर्कची: स्लिममध्ये, म्हणजे पातळ मॉडेलमध्ये, नेटवर्कचं पोर्ट आहेच, संगणकावरच्या फोल्डरमधून गेम थेट चालतात. मात्र ओपीएल यासाठी एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटायच्या विंडोजच्या पद्धतीची, पहिली आवृत्ती वापरतं. विंडोज १० मध्ये ती २०१७ पासून मुळात बंद असते, त्याला कारण आहे: त्याच वर्षीचा वॉनाक्राय हल्ला याच वाटेने पसरला. बँकेची कामं करता त्या संगणकावर ती चालू करू नका. जुना, इंटरनेटला न जोडलेला लॅपटॉप असेल तर तो या कामाला लावा.

मेन्यूच येत नाही: मेमरी कार्ड

हे शेवटी ठेवलं कारण इथे पैसे लागतात. फ्री मॅकबूटला मॅजिकगेट, म्हणजे सोनीची कूटपद्धत, असलेलं कार्ड हवं, कारण कन्सोल कार्डावरची ती फाइल त्या कूटपद्धतीनेच उघडतो. बाजारातल्या काही नकली कार्डांवर मॅजिकगेट हे नाव छापलेलं असतं, आत ते नसतं. मित्राच्या कार्डावरून फोल्डर जसाच्या तसा कॉपी करूनही उपयोग नाही. ती फाइल प्रत्येक कार्डाच्या स्वतःच्या ओळखीशी बांधलेली असते, प्रत्येक कार्डावर इन्स्टॉलरनेच घालावी लागते. इन्स्टॉलरमध्ये साधा पर्याय निवडा. सगळ्या मॉडेलांवर चालणारा 'मल्टी' पर्याय कार्डाची फाइलरचना वाकवतो आणि पुढे सेव्ह खराब होऊ शकतात.

नवं कार्ड घेण्याआधी कन्सोल उलटा करा आणि मॉडेल वाचा. एससीपीएच-९०००० मालिकेतला असेल तर स्टिकरवरचा डेट कोड बघा. ८ए, ८बी असेल तर फ्री मॅकबूट चालतं. ८सी असेल तर काहींवर चालतं, काहींवर नाही. ८डी आणि त्यापुढच्यांवर चालत नाही, कारण कन्सोलच्या आतल्या कायमच्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे रॉमच्या, २.३० या आवृत्तीत सोनीने कार्डावरून सुरू होण्याची ती वाटच बंद केली. तिथे कितीही कार्डं बदलली तरी मेन्यू येणार नाही. अशा कन्सोलसाठी ओपनट्यूना हा कार्डावर घालायचा दुसरा प्रोग्रॅम आहे. ते चालू होताच सुरू होत नाही, कन्सोलच्या स्वतःच्या मेन्यूतल्या 'ब्राउझर'मध्ये जाऊन मेमरी कार्ड उघडावं लागतं. दुकानदाराने हे सांगितलेलं नसतं, म्हणून लोक चांगलं कार्ड बिघडलं समजून परत करतात.

दर वेळी तारीख-वेळ विचारत असेल तर आतला सीआर२०३२ सेल संपला आहे. गेम न चालण्याशी त्याचा संबंध नाही.

इथे थांबा

खालच्या गोष्टींना मी स्वतः घरी हात लावू देत नाही.

दिवा हिरवा होऊन लगेच लाल होतो, जळका वास येतो, किंवा कन्सोल अजिबात जागा होत नाही: हे काम विजेचं आहे. जाड मॉडेल आणि ९०००० मालिका यांत घरच्या विजेचा पुरवठा आतच असतो. प्लग काढल्यावरही तिथल्या कपॅसिटरमध्ये धक्का बसेल एवढा भार राहतो. मधल्या स्लिमना बाहेरचा ८.५ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. "पिन बसते" म्हणून १२ व्होल्टचा लावला की बोर्ड जातो. अमेरिकेहून किंवा जपानहून कुणी आणलेला कन्सोल असेल तर आपल्या २३० व्होल्टला लावण्याआधी त्यावर छापलेला आकडा वाचा.

दोन्ही यूएसबी पोर्टवर कुठलाच ड्राइव्ह दिवा लावत नसेल तर पोर्टचा टाका सुटलेला किंवा बोर्डवरचा बारीक फ्यूज उडालेला असतो. हे सूक्ष्म सोल्डरिंग आहे. लेझरची तीव्रता वाढवायचा स्क्रू फिरवू नका. थोडे दिवस डिस्क चालतात आणि मग लेझर कायमची जाते. स्लिम उघडताना आतल्या नाजूक पट्ट्या सहज फाटतात, म्हणून कुतूहलापोटीही उघडू नका.

दुरुस्तीवाल्याकडे नेताना मॉडेल क्रमांक, डेट कोड, साखळी कुठल्या कडीला तुटते ते, आणि मूळ डिस्क चालते की नाही एवढं कागदावर लिहून न्या. मेमरी कार्ड घरी ठेवा, त्यावरचे सेव्ह त्याला लागत नाहीत. आणि "चिप बसवून देतो" म्हणाला तर नको सांगा. फ्री मॅकबूट चालतंय तिथे चिपची गरज नाही, आणि त्या कामात बोर्डवर जे टाके पडतात ते नंतर सहजासहजी काढता येत नाहीत.